आत्याची मोटार

आमच्या घरात कुणी थाप मारली की बाकीचे एवढंच म्हणत, "हो का? आणि आत्याने मोटार चालवली." धाकट्या भावाने गणितात शंभरपैकी शंभर मिळणार असं छातीठोकपणे सांगितलं तेव्हा बाबा हेच म्हणाले होते. शेजारच्यांनी काश्मीरला वाघ पाहिल्याचं सांगितलं तेव्हा आई तोंडाला पदर लावून हेच पुटपुटली होती. आत्या समोर असली तरी कुणाला काही वाटत नसे. तीही चिडत नसे, निदान वरवर तरी. पोळी लाटता लाटता म्हणायची, "चालवली म्हणजे चालवली. मकरपुऱ्यापासून घरापर्यंत. श्रीपतकाका शेजारी बसले होते, त्यांना विचारा." श्रीपतकाका जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती, त्यामुळे विचारायची सोय नव्हती.

माझी ही आत्या म्हणजे इंदिराबाई. आजोबा आणि त्यांचे भाऊ श्रीपतकाका दोघेही बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. काकांकडे जुनी, तीन हातांतून आलेली एक उघडी मोटार होती. सतरा वर्षांची असताना आपण ती चालवायला शिकलो, असं आत्याचं म्हणणं. बाबांचं, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाचं, म्हणणं वेगळं होतं. "इंदू शेजारी बसायची. फार तर हॉर्न वाजवायची." बाबा गेले, आई गेली, भाऊ पुण्याला स्थायिक झाला, तरी ती म्हण काही घरातून गेली नाही. आत्या माझ्याकडे बडोद्यातच, अकोट्याला राहायला आली तेव्हा सामानाबरोबर ती पण आली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी मात्र मी मोटारवाली असते. सयाजीगंजात तुकोजीरावांच्या घरी आमची मंडळी जमतात आणि महायुद्धाच्या आधीच्या मोटारींचे जुने फोटो ओळखतात. यातून कुणाला काय मिळतं ते विचारू नका. ज्याने गाडी ओळखली त्याला बाकीचे सेव-उसळ खायला घालतात, यापलीकडे काही नाही. पण एखाद्या धूसर फोटोतल्या चाकाच्या टोपीवरून गाडीचं साल सांगता आलं की जो आनंद होतो, तो मला निकालाच्या दिवशीसुद्धा होत नाही.

तुकोजीराव हे आमचे प्रमुख, कारण घर त्यांचं आणि आवाजही त्यांचा. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात आयुष्यभर इंजिनियर होते. त्यांनी दोन नियम घालून दिलेले. पहिला नियम, माणसं झाकायची. जुन्या फोटोत मोटारीपुढे कुणी ना कुणी ऐटीत उभं असतंच, आणि त्या फेट्या-दागिन्यांकडे बघत बसलं की गाडी राहते बाजूला. म्हणून त्यांनी काळ्या पुठ्ठ्याचे लहान-मोठे तुकडे कापून ठेवले होते. फोटो हातात आला की माणसांवर पुठ्ठा ठेवायचा आणि मगच भिंग उचलायचं. दुसरा नियम, फोटोत दिसेल तेवढंच बोलायचं. आजोबा सांगायचे, काकू म्हणायच्या, हे चालायचं नाही. "ऐकेली वात नहीं, दिसलेली वात," असं ते त्यांच्या खास गुजरातीमिश्रित बडोदी मराठीत म्हणत; वात म्हणजे गोष्ट.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, आम्ही पहिल्यांदा प्रदर्शन भरवायचं ठरवलं. स्टेशनजवळचा एक हॉल मिळाला. आमच्यातल्या माधवने रावपुऱ्यातल्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून काचेच्या निगेटिव्हची एक पेटी आणली होती. माधव बँकेत आहे, पण घरच्या न्हाणीघरात काळे पडदे लावून तो स्वतः फोटो छापतो, आणि तेव्हा घरातल्या कुणाला अंघोळ मिळत नाही. त्याने पेटीतले फोटो मोठे करून आणले. त्यात एक फोटो निघाला. लांबलचक उघडी मोटार, टप मागे दुमडलेला. दाराला रेलून फेटेवाला माणूस उभा, आणि पुढच्या सीटवर नऊवारीतली मुलगी.

मी पुठ्ठा ठेवायच्या आधीच ओळखलं. फेटेवाले श्रीपतकाका होते, त्यांचा तसबिरीतला चेहरा मी लहानपणापासून पाहत आले होते. आणि ती मुलगी आत्या होती. हनुवटी अशी वर, जणू फोटोवालाच तिच्यामुळे खोळंबलाय. मला वाटलं, आता मिटलं. आता कुणी थट्टा करणार नाही.

मिटलं कसलं. पुठ्ठे पडले आणि गाडी शेव्हरोले की एसेक्स यावर जुंपली. बॉनेटच्या बाजूच्या फटींवरून शेवटी शेव्हरोले ठरली. मग मी म्हणाले की यातली मुलगी माझी आत्या आहे, आणि ही मोटार ती चालवत असे. तुकोजीरावांनी पुठ्ठा उचलला, भिंगातून पाहिलं आणि मान हलवली.

"निरुपमाबेन, गाडी डाव्या हाताला तोंड करून उभी आहे. बराबर?"

"बरोबर."

"म्हणजे आपल्याला तिची डावी बाजू दिसते. स्टिअरिंग तर उजवीकडे. एटले की आत्याबाई बसल्यात ती जागा शेजाऱ्याची. चालवणारा पलीकडच्या बाजूचा. काका स्वतः चालवत असतील, फोटोसाठी उतरले."

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. काकांच्या अंगामुळे आत्याचे हात आणि तिच्या पुढ्यातलं सगळं झाकलं होतं, पण बाजूबद्दल वाद नव्हता. बाबाच खरे ठरले. मला बाबांचा राग आला, मग तुकोजीरावांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या फोटोचा आला.

तुकोजीरावांना मात्र भलताच आनंद झाला होता, कारण त्यांना एक शोध लागला होता. गाडीच्या पुढच्या काचेशेजारी, दाराच्या बाहेरच्या अंगाला, रबरी फुग्याचा हॉर्न होता. हा हॉर्न चालवणाऱ्याच्या हाताशी हवा. इथे तो उलट्या बाजूला. त्यांनी प्रदर्शनासाठी चिठ्ठी लिहिली ती अशी: "शेव्हरोले, १९२८च्या सुमारास. मालक श्रीपतराव, पुतणीस फेरफटक्यास नेताना. हॉर्न स्थानिक मेकॅनिकने चुकीच्या बाजूस बसवला आहे." मेकॅनिक कुठे फोटोत दिसत होता, असं मी विचारलं. त्यांनी ते ऐकलं नाही.

ती चिठ्ठी मी घरी आत्याला सांगितली. सांगायला नको होती, पण रविवारी प्रदर्शनात ती वाचणारच होती. आत्या शेंगा सोलत होती. तिने विचारलं, "फेरफटक्यास?"

"तसं लिहिलंय."

"शहरातल्या सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात?"

"मोठ्या अक्षरात."

"मग मी येत नाही," ती म्हणाली. मी पिशवीतून फोटो काढला तर तिने मान फिरवली. "तो नको दाखवू मला. खोटा फोटो आहे तो."

"आत्या, फोटो खोटा कसा असेल? तू आहेस त्यात. काका आहेत."

"असू देत. मी माझ्या हाताने चालवली. फोटोत तसं नसेल तर फोटो खोटा." आणि तिने शेंगा अशा काही सोलल्या की दाणे मोरीपर्यंत उडाले.

तोवर मी तिच्या गोष्टीकडे गोष्ट म्हणूनच पाहत होते. त्या संध्याकाळी ती देवापुढे दिवा लावून नेहमीपेक्षा जास्त वेळ नुसती बसून राहिली. मला कळलं की ती आयुष्यभर थट्टा हसण्यावारी नेत आली, ती कधीतरी खरं बाहेर येईल या भरवशावर. आता तेच बाहेर आलं होतं आणि तिच्या विरुद्ध गेलं होतं. चार माणसांच्या घरातली थट्टा आता भिंतीवर टांगली जाणार होती. मला फार वाईट वाटलं, आणि काही करताही येत नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी वेगळीच गडबड होती. एका जुन्या घराण्यातून तुकोजीरावांनी तशीच एक उघडी मोटार दोन दिवसांसाठी मिळवली होती, आणि तिच्यापुढे मी आत्यासारखी नऊवारी नेसून उभं राहायचं, अशी त्यांची कल्पना. मी सहावारीसुद्धा धड नेसत नाही. आत्याचं लुगडं कपाटातून काढलं, कसाबसा कासोटा घालून आरशापुढे उभी राहिले, आणि फोटो आरशाच्या चौकटीत खोचून त्याबरहुकूम पदर घ्यायला लागले.

आत्या रुसलेली होती, पण तिचं लुगडं मी कसंही गुंडाळतेय हे तिला बघवेना. ती दारात येऊन उभी राहिली.

"हे काय? उजव्या खांद्यावर पदर?"

"फोटोत तसाच आहे."

"माझा? उजव्या खांद्यावर?"

"गुजराती पद्धतीने घेतला असशील. बडोद्यातली मुलगी, त्यात काय एवढं?" मला ते कधी खटकलंच नव्हतं. आमच्या गल्लीत निम्म्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर असतात.

शाळेत मी पोरांकडे पाहते तसं आत्याने माझ्याकडे पाहिलं. "गुजराती पदर मागून पुढे येतो. छातीवर पसरतो. तो माझ्या मैत्रिणी घ्यायच्या. लुगड्याचा पदर पुढून मागे जातो, डाव्या खांद्यावरून. पुढून मागे आणि उजव्या खांद्यावरून असा पदर जगात कुणी घेत नाही. माझ्या आईने मला घराबाहेर पडू दिलं नसतं. बघू तो फोटो."

तिने चष्मा पुसला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा फोटो हातात घेतला. माझ्या शेजारी उभी राहून ती तो डोळ्यांजवळ नेत होती, आणि मी सहज समोर आरशात पाहिलं. खरं सांगते, मला आधी वाटलं मी चुकीचं पाहतेय. आत्याने फोटो उजेडासाठी थोडा वळवला होता, त्यामुळे तो समोरच्या आरशातही दिसत होता. आरशात मुलीचा पदर डाव्या खांद्यावर होता. काकांच्या कोटाचा वरचा खिसा छातीवर डावीकडे, जिथे तो असायला हवा. आणि मोटार उजव्या हाताला तोंड करून उभी होती.

गेली अठरा वर्षं मी नववीच्या वर्गाला आरशातली प्रतिमा शिकवते. डावं उजवं होतं, उजवं डावं होतं, हे मी फळ्यावर एवढ्या वेळा लिहिलंय की खडूला पाठ झालं असेल.

"आत्या," मी म्हणाले, "फोटो खोटा आहे."

"मी काय सांगत होते?" ती म्हणाली.

माधवने काच उलटी ठेवून फोटो छापला होता. अक्षर एकही नव्हतं त्यात, नंबराची पाटी नव्हती, दुकानाचं नाव नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही. आणि जिथून कळलं असतं त्या माणसांवर आम्ही पुठ्ठा ठेवला होता. मी तशीच, नऊवारीत, आत्याला स्कूटरवर मागे बसवून हॉलकडे निघाले. विश्वामित्रीच्या पुलावर दोन रिक्षावाले थांबून बघत राहिले. आत्या मागून म्हणाली, "जरा भरभर चालव की."

हॉलपुढे तुकोजीराव आणि माधव मोटार पुसत होते. मी फोटो तुकोजीरावांच्या स्कूटरच्या आरशासमोर धरला. ते वाकले. माधव वाकला. चहा घेऊन आलेला हॉलचा पहारेकरीही वाकला. इतक्या लहान आरशात तिघांची डोकी मावत नव्हती, म्हणून ते पाळीपाळीने बघायला लागले.

माधव धावत आत गेला आणि पेटीतून ती काच घेऊन आला. कोपऱ्याला ओलं बोट लावून त्याने रसायनाची बाजू कुठली ते पाहिलं, मग काच उन्हात धरली, आणि हळूच फिरवली. त्याचा चेहरा पडला. "घाईत झालं," तो म्हणाला. "न्हाणीघराचं दार ठोकत होते सगळे."

तुकोजीराव मात्र काकांकडे बघत नव्हते, पदराकडेही नाही. त्यांनी भिंग हॉर्नवर धरलं होतं. गाडीची दिसणारी बाजू उजवी, म्हणजे चालवणाऱ्याची. हॉर्न तिथेच, जिथे हवा तिथे. त्यांचा चुकीचा मेकॅनिक त्या क्षणी नाहीसा झाला. बिचाऱ्यांना त्याचं दुःख झालं असावं, पण ते प्रामाणिक माणूस आहेत. "आत्याबाई स्टिअरिंगच्या मागे बसल्या आहेत," ते म्हणाले. "ते मान्य."

"म्हणजे चिठ्ठी बदलायची," मी म्हणाले.

"बदलायची. 'श्रीपतरावांची पुतणी चालकाच्या जागेवर बसलेली.'"

"चालवत असे, असं लिहा."

"बेन, बसणं जुदा, चालवणं जुदा. फोटोसाठी माणूस हत्तीवर पण बसतो. जे दिसलं ते लिहायचं. नियम माझ्यासाठी पण आहे."

मी भांडणार होते, अगदी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मागे मोटारीचं दार उघडल्याचा आवाज आला.

आत्या गाडीत चढत होती. पायरीवर पाय, मग लुगडं आवरून आत. पहारेकरी तिला हात द्यायला धावला तर तिने त्यालाच बाजूला केलं. उजवीकडच्या सीटवर बसून तिने स्टिअरिंगवर हात ठेवले आणि थोडा वेळ नुसती समोर बघत राहिली. चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आत्या, चष्म्याला दोरी बांधलेली. मला वाटलं, फोटोसारखी हनुवटी वर करून बसेल आणि उतरेल. तिने विचारलं, "पेट्रोल आहे का यात?"

"आहे," तुकोजीराव म्हणाले. "पण आत्याबाई, ही सुरू करायची रीत वेगळी—"

स्टिअरिंगच्या मधोमध एक लहान दांडा असतो, ठिणगी लवकर पडावी की उशिरा ते ठरवणारा. आमच्या मंडळींपैकी निम्म्यांना तो नुसता पुस्तकातून माहीत होता. आत्याने तो न बघता मागे ओढला. "हा आधी मागे घ्यायचा," ती स्वतःशीच म्हणाली, "नाहीतर पुढचं हँडल उलटं फिरून काकांचं मनगट गेलं तसं होतं." मग दुसरा, पेट्रोलचा दांडा थोडा पुढे, खालचं बटण पायाने दाबलं. इंजिन खोकलं, गप्प झालं, पुन्हा खोकलं आणि सुरू झालं. तिने पहिला दांडा बोटभर पुढे सरकवला आणि इंजिनाचा आवाज मऊ झाला.

तुकोजीरावांच्या हातातलं पुसायचं फडकं खाली पडलं. ते नेमके गाडीच्या पुढ्यात उभे होते. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, आणि नजर त्यांच्यावरच ठेवून उजवा हात बाहेर टाकला. हॉर्नचा फुगा तिच्या हाताला सापडला, शोधावा लागला नाही. असा काही भोंगा वाजला की पलीकडच्या चहाच्या लारीपुढे बसलेले लोक उठून उभे राहिले. तुकोजीराव टुणकन बाजूला झाले.

गाडी निघाली. हॉलच्या आवारात, आंब्याला वळसा घालून, ढकललेल्या हातगाडीपेक्षा जरा जोरात, पण निघाली. मी नऊवारी सावरत शेजारून धावत होते, आणि हसत होते, आणि माझे डोळे वाहत होते, आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. वळसा पूर्ण करून आत्याने गाडी बरोबर होती त्या जागी आणून थांबवली. "ब्रेक काकांच्या गाडीचे बरे होते," ती म्हणाली.

माधव तोवर घरी पळाला होता, काच सरळ ठेवून नवा फोटो छापायला. या वेळी त्याने न्हाणीघराला आतून कडी लावली. तुकोजीरावांनी हॉलच्या पायरीवर बसून जुनी चिठ्ठी फाडली आणि नवा पुठ्ठा गुडघ्यावर घेतला. मी मागून डोकावून बघत होते. पेनाचं टोक पुठ्ठ्यावर टेकवून ते बराच वेळ थांबले.

"आता दिसलं ना?" मी विचारलं.

"दिसलं. बराबर दिसलं," ते म्हणाले आणि ठळक अक्षरात लिहिलं: "मोटार चालवणारी: इंदिरा. शेजारी उभे: काका श्रीपतराव." मग त्यांनी चिठ्ठी आत्यासमोर धरली. "चालेल?"

आत्याने चष्मा नाकावर सरकवून ती दोनदा वाचली. "चालेल," ती म्हणाली. "पण गाडीचं नाव राहिलं की हो."

तुकोजीरावांनी कपाळाला हात लावला. आमच्या मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच ते गाडीचं नाव लिहायला विसरले होते. आत्याने त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि खाली, जरा लहान अक्षरात, स्वतःच लिहिलं. आणि मग आम्ही सगळे तिला सेव-उसळ खायला घेऊन गेलो.

त्या रात्री मी भावाला पुण्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो सवयीने म्हणाला, "हो का? आणि आत्याने मोटार—" आणि तिथेच थांबला.

"हो," मी म्हणाले. "चालवली."